विसाव्या आठवड्याचा रिपोर्ट

परभणीतल्या कुठल्याही सोनोग्राफी सेंटरमध्ये शिरलं की आधी गाठ पडते ती भिंतीवरच्या पाटीशी: इथे गर्भलिंगनिदान केलं जात नाही, तो कायद्याने गुन्हा आहे. मग आधार कार्डाची झेरॉक्स, ‘एफ’ फॉर्म, सही नाहीतर अंगठा. आत अर्धवट अंधार, पोटावर गार जेल आणि स्क्रीनला डोळे लावून बसलेले डॉक्टर. ते बोलत नाहीत. पाचव्या महिन्याच्या सोनोग्राफीला अर्धा तास सहज लागतो. बाळ पालथं असेल तर “जरा चालून या, काहीतरी खाऊन या” म्हणून बाहेर पाठवतात आणि पुन्हा आत घेतात. तेवढा वेळ बाई डॉक्टरांचा चेहरा वाचत असते. भुवई हलली, प्रोब एकाच जागी तिसऱ्यांदा फिरला, की तिच्या पोटात गोळा येतो. बाहेर सासूबाई नर्सला विचारतात, “काय म्हणलालेत डॉक्टर?” नर्स म्हणते, “रिपोर्टमध्ये येईल सगळं.”

डॉक्टर गप्प असतात त्याचं एक कारण साधं आहे: काम बारीक असतं. विसाव्या आठवड्यात बाळाचं वजन तीनशे-साडेतीनशे ग्रॅम, आणि हृदय जेमतेम सुपारीएवढं. ते मिनिटाला दीडशेच्या आसपास ठोके देत असताना त्यातले चार कप्पे आणि झडपा नीट आहेत का, बाहेर पडणाऱ्या दोन मोठ्या रक्तवाहिन्या एकमेकींना ओलांडून जातात की नाही हे बघायचं असतं. दुसरं कारण कायद्याच्या धाकाचं आहे. गर्भलिंगनिदानाविरुद्ध देशातला पहिला कायदा महाराष्ट्राने १९८८ साली केला. केंद्राचा कायदा १९९४ साली आला आणि २००३ साली तो आणखी कडक झाला. २०१२ साली शेजारच्या परळीत बेकायदा गर्भलिंगनिदानाचं आणि गर्भपातांचं जे प्रकरण उघडकीला आलं त्यानंतर मराठवाड्यातल्या सेंटरांवरची नजर अधिकच करडी झाली. ती व्हायलाच हवी होती. पण त्यातून झालंय असं, की पडद्यावर बोट ठेवून “हे बघा बाळाचं मूत्रपिंड” एवढं सांगायलाही काही डॉक्टर कचरतात. बंदी आहे ती लिंग सांगायला. मणका, मेंदू, हृदय, हातपाय यांबद्दल विचारायला आणि सांगायला कसलीही आडकाठी नाही. उलट एफ फॉर्मवर काय आढळलं आणि ते कुणाला, कोणत्या तारखेला सांगितलं यासाठी रकानाच आहे. तेव्हा विचारा.

या तपासणीला कुणी अ‍ॅनॉमली स्कॅन म्हणतं, कुणी टिफा. घरात ती ‘पाचव्या महिन्याची सोनोग्राफी’ असते. अठराव्या ते विसाव्या आठवड्यात ती करायची, कारण त्याआधी अवयव फार लहान दिसतात आणि नंतर हाडं दाट होऊन आतलं झाकतात. अडचण अशी की याच दिवसांत बाळाची हालचाल पहिल्यांदा जाणवू लागते. कुणाची चोरओटी भरून झालेली असते, कुणाच्या माहेरी बाळंतविड्याच्या गप्पा सुरू झालेल्या असतात. तोवर जे ‘दिवस राहिलेत’ असं होतं ते आता बाळ झालेलं असतं. म्हणून या सोनोग्राफीतली एखादी शंकेची ओळ दुसऱ्या महिन्यातल्या बातमीपेक्षा कितीतरी जास्त लागते.

आणि ती ओळ इंग्रजीत असते. ‘इकोजेनिक इंट्राकार्डियाक फोकस, लेफ्ट व्हेंट्रिकल.’ ‘बायलॅटरल कोरॉइड प्लेक्सस सिस्ट.’ ‘माइल्ड पायलेक्टेसिस.’ खाली ‘सजेस्ट क्लिनिकल कोरिलेशन’. रात्री घरातला शिकलेला दीर मोबाइलवर एकेक शब्द टाकून बघतो आणि पहिल्याच पानावर ‘डाउन सिंड्रोम’ वाचून मोबाइल उलटा ठेवतो.

इथे थोडं थांबून समजून घेण्यासारखं आहे. सोनोग्राफीत जे काही ‘वेगळं’ दिसतं ते सगळं व्यंग नसतं. हृदयातला तो पांढरा ठिपका म्हणजे झडपेला आधार देणाऱ्या स्नायूत जमलेला कॅल्शियमचा कण. शंभरातल्या तीन ते पाच बाळांमध्ये तो दिसतो, आशियाई लोकांत थोडा जास्तच, आणि त्याने हृदयाच्या कामात काहीही बिघडत नाही. मेंदूतल्या कोरॉइड प्लेक्सस या भागात मेंदूभोवतीचं पाणी तयार होतं. तिथे पाण्याचा एखादा फुगा दिसणं शंभरातल्या एक-दोन बाळांच्या नशिबी असतं. बहुतेक फुगे २८ व्या आठवड्याच्या आसपास जिरून जातात आणि मुलात मागे काही खाणाखूण राहत नाही. मूत्रपिंडाच्या नळीची रुंदी या वयात ४ मिलिमीटरच्या वर गेली की ‘फुगलेली’ म्हणतात. त्यातल्याही बऱ्याच आपोआप सुधारतात, फक्त आठव्या महिन्यात आणि जन्मानंतर पुन्हा बघावं लागतं. वार खाली आहे असं लिहिलेलं असेल तर गर्भाशय वाढेल तशी ती बहुतेकींची वर सरकते. ३२ व्या आठवड्यात पुन्हा बघायचं, तोवर रक्तस्राव झाला तर ताबडतोब दवाखाना गाठायचा.

मग हे ठिपके आणि फुगे रिपोर्टमध्ये लिहितात कशाला? १९८०-९० च्या दशकांत यंत्रं तीक्ष्ण होत गेली तसं संशोधकांच्या लक्षात आलं, की डाउन सिंड्रोमसारखा गुणसूत्रांचा दोष असलेल्या बाळांत या खुणा जरा जास्त वेळा दिसतात. तेव्हा आजच्यासारख्या रक्ततपासण्या हाताशी नव्हत्या, म्हणून या खुणांना वजन आलं. इंग्रजीत त्यांना सॉफ्ट मार्कर म्हणतात. आज त्या एकेकट्या कुणी वाचत नाही. खूण एकटीच आहे का, की सोबत दुसरंही काही दिसतंय, आणि तिसऱ्या महिन्यातल्या डबल मार्कर या रक्ततपासणीचा निकाल काय होता, या दोन प्रश्नांची उत्तरं मिळाली की तिचा अर्थ लागतो. डबल मार्कर चांगला असेल आणि हृदयातला ठिपका एकटाच असेल तर त्याला घाबरण्याचं कारण उरत नाही. मेंदूच्या पोकळ्यांचं मात्र जरा निराळं आहे. तिथे रुंदी १० मिलिमीटरच्या आत हवी. १० ते १२ असेल आणि बाकी सगळं नीट असेल तर दहातली नऊहून अधिक मुलं व्यवस्थित वाढतात, पण तरी संसर्गाच्या आणि गुणसूत्रांच्या तपासण्या करून, दर काही आठवड्यांनी मोजत राहावं लागतं. १५ च्या वर गेलं तर गोष्ट गंभीर. म्हणून “डोक्यात पाणी आहे” एवढं ऐकून घरी येऊ नये. किती मिलिमीटर, हा आकडा विचारून घ्यावा.

‘हाय रिस्क’ या शब्दाचंही तसंच. रक्ततपासणीत डाउन सिंड्रोमची शक्यता ‘१:२००’ आली की ती हाय रिस्कच्या रकान्यात जाते, कारण बऱ्याच प्रयोगशाळांची रेघ १:२५० वर आखलेली असते. याचा अर्थ असा की अशा दोनशे बायका रांगेत उभ्या केल्या तर एकशे नव्व्याण्णवींच्या बाळाला तो दोष नसेल. रक्ततपासणी चाळण लावते, निदान करत नाही. निदान हवं असेल तर गर्भजलाची तपासणी, म्हणजे सोनोग्राफीत बघत सुईने थोडं पाणी काढून त्यातल्या पेशींची गुणसूत्रं तपासणं. ती पंधराव्या आठवड्यानंतर करता येते. तिने गर्भपात होण्याचा धोका शंभरात एक किंवा त्याहून कमी असतो. ही तपासणी बेकायदा असल्याचा समज आपल्याकडे पक्का आहे आणि तो चुकीचा आहे. कायद्यात बसणाऱ्या कारणासाठी, नोंदणी असलेल्या केंद्रात, लेखी संमती घेऊन ती करता येते. लिंग मात्र सांगितलं जात नाही.

उलटी बाजूही सांगितली पाहिजे. रिपोर्ट स्वच्छ आला म्हणजे सगळं दिसलं असं नाही. ब्रिटनच्या सरकारी तपासणी कार्यक्रमात या सोनोग्राफीने कवटी न बनणं ९८ टक्के वेळा सापडावं, मणक्याचं उघडं व्यंग ९० टक्के, दुभंगलेला ओठ ७५ टक्के आणि हृदयाचे गंभीर दोष ५० टक्के वेळा सापडावेत असं गृहीत धरलेलं आहे. ही प्रशिक्षित हातांची आणि चांगल्या यंत्रांची गोष्ट झाली.

शंकेची ओळ आली की पहिलं काम दुसऱ्या नजरेचं. गर्भातल्या बाळाच्या सोनोग्राफीचा खास अभ्यास केलेल्या तज्ज्ञाकडून पुन्हा तपासणी, हृदयाबद्दल शंका असेल तर फीटल इको, म्हणजे बाळाच्या हृदयाची खास सोनोग्राफी. परभणीच्या माणसाला यासाठी गाडी धरणं नवीन नाही. नांदेडला तास-दीड तास, संभाजीनगरला तीन-साडेतीन तास, अवघड असेल तर पुणे किंवा हैदराबाद. जाताना नुसता कागद नेऊन भागत नाही. पहिल्या तीन महिन्यांतली सोनोग्राफी, डबल मार्कर, रक्तगट, साखरेचा आणि थायरॉइडचा रिपोर्ट, माता-बाल संरक्षण कार्ड, सगळं एका पिशवीत हवं. सोबत असं कुणीतरी हवं जे ऐकून लक्षात ठेवेल. वाईट बातमीच्या पहिल्या वाक्यानंतर बाईला पुढचं काही ऐकूच येत नाही. डॉक्टरांना विचारून त्यांचं बोलणं मोबाइलवर रेकॉर्ड करून ठेवायलाही हरकत नसावी. बरेच डॉक्टर ‘हो’ म्हणतात.

या सगळ्यात दिवस जातात. आणि दिवस जाणं इथे नुसतं मनस्तापाचं नाही.

२००८ सालची मुंबईची निकेता मेहता यांची केस अनेकांना आठवत असेल. त्यांच्या बाळाच्या हृदयात गंभीर दोष असल्याचं कळलं तोवर २० आठवडे उलटून गेले होते. १९७१ च्या वैद्यकीय गर्भपात कायद्याची मर्यादा तेव्हा २० आठवड्यांची होती. त्यांचे डॉक्टर निखिल दातार आणि मेहता दांपत्य मुंबई उच्च न्यायालयात गेले. ऑगस्ट २००८ मध्ये न्यायालयाने परवानगी नाकारली आणि त्याच महिन्यात त्यांचा गर्भपात आपोआप झाला. त्या केसने एक साधी विसंगती देशासमोर मांडली: व्यंग शोधणारी तपासणी अठरा ते वीस आठवड्यांत होते आणि कायदा विसाव्या आठवड्याला दार लावतो, मग दुसरं मत घ्यायचं कधी, विचार करायचा कधी? पुढची तेरा वर्षं अशा बायका एकेक करून कोर्टाची पायरी चढत राहिल्या. जानेवारी २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका बावीस वर्षांच्या स्त्रीला चोविसाव्या आठवड्यात परवानगी दिली. तिच्या बाळाची कवटीच तयार झालेली नव्हती.

२४ सप्टेंबर २०२१ पासून कायदा बदलला. आता २० आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचं मत पुरतं. २० ते २४ आठवड्यांत ठरावीक कारणांसाठी दोन डॉक्टरांचं मत लागतं आणि बाळातलं गंभीर व्यंग त्या कारणांत येतं. २४ च्या पुढे फक्त मोठं व्यंग असेल तर, आणि तेही वैद्यकीय मंडळाने ठरवलं तर. मंडळात स्त्रीरोगतज्ज्ञ, बालरोगतज्ज्ञ आणि सोनोग्राफी करणारे तज्ज्ञ असतात. अर्ज आल्यापासून तीन दिवसांत मत द्यायचं आणि मंजुरी मिळाली तर पाच दिवसांच्या आत प्रक्रिया सुरक्षित पार पाडायची, असं नियमांतच लिहिलेलं आहे. हे आकडे अर्जदाराला माहीत असले की टेबलापलीकडच्या माणसाशी बोलताना आवाज जरा नीट निघतो. अशी मंडळं बहुधा शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांत असतात. परभणीला असं महाविद्यालय २०२३ साली सुरू झालं. त्याआधी अशा कामासाठी नांदेड, अंबाजोगाई नाहीतर संभाजीनगरचं घाटी रुग्णालय हाच रस्ता होता. मंडळाने नाही म्हटलं तर उच्च न्यायालयाचं खंडपीठ संभाजीनगरला आहे. जानेवारी २०२३ मध्ये न्या. गौतम पटेल यांच्या खंडपीठाने मंडळाचा नकार बाजूला ठेवून बत्तीस आठवडे उलटलेल्या एका स्त्रीला परवानगी दिली. निर्णयाचा अधिकार तिचा आहे, मंडळाचा नाही, असं त्यात स्वच्छ म्हटलं आहे.

आणखी एक गोष्ट, जी दवाखान्यांतही सगळ्यांना ठाऊक नसते: सज्ञान स्त्रीची स्वतःची संमती पुरते. नवऱ्याची सही मागतात ती प्रथा म्हणून, कायदा म्हणून नाही. आणि तिचं नाव कुणाला सांगणं हाही गुन्हा आहे.

आठवड्यांचा हिशेब पाळीच्या पहिल्या दिवसापासून धरतात आणि घोळ तिथेच होतो. खेड्यात तारीख लक्षात नसते, सण लक्षात असतो: “पोळा झाल्यावर चार-पाच दिवसांनी.” पोळा कधी होता हे कॅलेंडरात सापडतं, ते चार-पाच दिवस सापडत नाहीत. पाळी अनियमित असली तर दोन-तीन आठवड्यांचा फरक सहज पडतो, आणि तेवढ्याने बाळ ‘लहान’ ठरू शकतं किंवा कायद्याची रेघ ओलांडली जाऊ शकते. यावर उपाय एकच: पहिल्या तीन महिन्यांतली सोनोग्राफी. तिच्यातलं वय काही दिवसांच्या फरकाने बरोबर असतं आणि पुढे तेच धरतात. शिवाय कवटी न बनण्यासारखं व्यंग बाराव्या-तेराव्या आठवड्यातच दिसू शकतं.

हे सगळं घरी राहणाऱ्या बाईचं झालं. गंगाखेड, सोनपेठ या बाजूने ऊसतोडीला जाणाऱ्या जोडप्यांचं काय? दिवाळीच्या आगेमागे टोळी निघते, पश्चिम महाराष्ट्रात किंवा कर्नाटकात पाल ठोकते आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी परतते. पोळ्याच्या सुमारास दिवस राहिले असतील तर पाचवा महिना नेमका फडात येतो. कार्ड गावच्या आशाताईकडे, बाई तीनशे किलोमीटर लांब, आणि एक दिवस सुट्टी म्हणजे कोयत्याचा खाडा, मुकादमाकडे नोंद. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानाची मोफत तपासणी देशभर असते, तिथे कार्डावरचं गाव आड येत नाही. पण फडातल्या बाईला ९ तारीख कोण सांगणार? माझ्या मते पाचव्या महिन्याच्या सोनोग्राफीबद्दलची आपली सगळी चर्चा दवाखान्यापर्यंत पोचलेल्या बायकांपुरतीच चालते.

आता दुसऱ्या टोकाची गोष्ट. रिपोर्टमधलं व्यंग खरं निघालं तरी गर्भपात हा एकच रस्ता नसतो. जन्मानंतर नीट होणारी व्यंगं बरीच आहेत. आत वळलेलं पाऊल हजारात एका बाळाला असतं. पहिल्या काही आठवड्यांतच प्लॅस्टर सुरू केलं, दर आठवड्याला बदललं, शेवटी टाचेची शीर जरा मोकळी केली आणि पुढे काही वर्षं रात्री विशेष बूट घातले, की मूल इतरांसारखं पळतं. दुभंगलेल्या ओठाची शस्त्रक्रिया पहिल्या वर्षातच होते, धर्मादाय संस्थांच्या मदतीने मोफतही होते. ओठाच्या बाबतीत बाईला भलताच त्रास होतो, कारण घरात कुणाला तरी आठवतं की ग्रहणात हिने विळी हातात घेतली होती. ओठ जुळण्याचं काम गर्भधारणेनंतर सातव्या आठवड्यापर्यंत उरकतं आणि टाळू त्यानंतर दोन-तीन आठवड्यांत. बहुतेकदा ज्या ग्रहणावर ठपका येतो ते त्यानंतरचं असतं. आणि आधीचं असलं, तरी विळीचा ओठाशी संबंध नाहीच.

हृदयाच्या दोषांत वेळ आणि जागा या दोन गोष्टी जीव वाचवतात. हजारातल्या आठेक बाळांना हृदयाचा काही ना काही दोष असतो. त्यातले कितीतरी किरकोळ. पण दोन मोठ्या रक्तवाहिन्यांची अदलाबदल झालेली असेल तर बाळ जन्मल्यावर काही तासांत निळं पडू लागतं. त्याला एका औषधाचं सलाइन लगेच लागतं आणि शस्त्रक्रिया पहिल्या दोन-तीन आठवड्यांत व्हावी लागते. हे आधी कळलेलं असेल तर बाळंतपण तशी सोय असलेल्या मोठ्या शहरात ठरवता येतं. इथे आपली रीत आडवी येते. पहिलं बाळंतपण माहेरी. सासर जिंतूरचं, माहेर पालमचं, सातव्या महिन्यात ओटी भरून लेक माहेरी जाते आणि फाइल सासरी कपाटात राहते. पालमच्या डॉक्टरांना काहीच माहीत नसतं. अशा वेळी माहेर-सासरच्या मानपानापेक्षा बालहृदयरोगतज्ज्ञ कुठे आहे हे आधी बघावं, आणि दोन्हीकडच्या वडीलधाऱ्यांना ते स्पष्ट सांगावं. खर्चासाठी राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम आहे. तो फेब्रुवारी २०१३ मध्ये महाराष्ट्रातूनच, पालघरहून सुरू झाला. जन्मजात व्यंग असलेल्या मुलांच्या शस्त्रक्रिया त्यातून होतात. महात्मा फुले जन आरोग्य योजना आहेच. दोन्हींची चौकशी जिल्हा रुग्णालयात बाळंतपणाच्या आधीच करून ठेवावी.

दोष कुणाचा, हा प्रश्न घरात बोलला जात नाही तेव्हाही हवेत असतो. बाईने पपई खाल्ली, बाई शेतात गेली, बाईने मोबाइल उशाला ठेवला. खरं म्हणजे दर शंभर बाळांत दोन-तीन बाळांना मोठं व्यंग असतंच, सगळी काळजी घेऊनही. ते बहुतेकदा कुणाच्या करण्या-न करण्याने होत नाही. नात्यातलं लग्न हे एक कारण मात्र बोलायला हवं. मामाची मुलगी करण्याची रीत महाराष्ट्रात किती मुरलेली आहे हे इरावती कर्वे यांनी १९५३ सालच्या आपल्या ग्रंथात नोंदवलं आहे, आणि मराठवाड्यात ती अजून जिवंत आहे. आत्ये-मामेभावंडांच्या लग्नात व्यंगाचं प्रमाण साधारण दुप्पट होतं, म्हणजे शंभरात दोन-तीनचं चार-सहा. याचा अर्थ शंभरातली चौऱ्याण्णव-शहाण्णव मुलं निरोगी. लग्न झालेल्यांना टोचून बोलण्याइतकं हे मोठं नाही, पण डॉक्टरांपासून लपवण्याइतकं छोटंही नाही. आपण नात्यातले आहोत हे विचारायची वाट न बघता सांगावं, त्याने कोणती तपासणी करायची हे बदलतं.

मधले दिवस, म्हणजे पहिल्या रिपोर्टपासून दुसऱ्यापर्यंतचे, सगळ्यात वाईट. बाईला झोप लागत नाही, पोटात बाळ हललं की रडू येतं, आणि न हललं की भीती वाटते. या दिवसांत सगळ्या भावकीला सांगितलंच पाहिजे असं नाही. दोघांची मिळून एक-दोन माणसं पुरतात. नवऱ्याने गाडीचं तिकीट आणि पैसे बघितले की आपलं काम झालं असं बऱ्याच नवऱ्यांना वाटतं. तिला त्याच्याकडून हवं असतं ते एवढंच, की तोही घाबरलाय हे त्याने बोलावं. रात्रीचं यूट्यूब बंद ठेवलेलं बरं. बोलायला कुणीच नसेल तर १४४१६ हा टेलिमानसचा सरकारी क्रमांक २०२२ पासून आहे. मोफत आहे आणि मराठीत बोलता येतं.

आणि निर्णय गर्भपाताचा झाला तर? विसाव्या आठवड्यानंतरचा गर्भपात म्हणजे बहुधा औषधांनी कळा आणून केलेलं छोटं बाळंतपणच असतं. बाळ बघायचं की नाही हे तिला आधीच विचारलेलं असावं. दोन्ही उत्तरं बरोबर असतात. एक गोष्ट मात्र तिला जवळजवळ कुणीच सांगत नाही: दोन-चार दिवसांनी छातीत दूध येतं. रिकाम्या मांडीवर पाझरणारं दूध बघून बाई कोसळते, आणि तेव्हा ती घरी असते, दवाखान्यात नसते. दूध थांबवायची गोळी असते. डिस्चार्ज घेताना ती मागून घ्यावी. नोकरी असेल तर कायद्यानुसार गर्भपातानंतर सहा आठवड्यांची पगारी रजा मिळते. कापूस वेचणाऱ्या बाईला ती कोण देणार हा प्रश्न आहेच. तिला सव्वा महिना तरी घरच्यांनी द्यावा. मूल हाती नाही म्हणून बाळंतीण नाही, असं शरीर मानत नाही.

त्याच वेळी, दुःखात सुचत नसलं तरी, बाळाची तपासणी करून घेण्याबद्दल डॉक्टरांशी बोलावं. शवविच्छेदन, एक्स-रे, गुणसूत्रांसाठी थोडा नमुना. तो आधीच काढून ठेवावा लागतो, नंतर मिळत नाही. पुढच्या वेळी किती धोका आहे याचं उत्तर त्यावर ठरतं. गुणसूत्र जास्तीचं येण्याचा साधा प्रकार असेल तर पुन्हा होण्याची शक्यता शंभरात एकच्या आसपास. मणक्याचं व्यंग असेल तर शंभरात दोन ते पाच. आई-बाप दोघांकडून आलेला लपलेला दोष असेल तर मात्र दर वेळी चारात एक. तिन्हींसाठी पुढची वाट वेगळी आहे.

मणक्याच्या व्यंगाला अडवणारा उपाय आपल्या हातात आहे आणि तो स्वस्त आहे: फॉलिक अ‍ॅसिड. ब्रिटनच्या वैद्यकीय संशोधन परिषदेच्या १९९१ च्या चाचणीत, आधी असं बाळ झालेल्या बायकांनी ही गोळी गर्भधारणेआधीपासून घेतली तर व्यंगाचं प्रमाण ७२ टक्क्यांनी घटल्याचं दिसलं. मेंदू आणि मणक्याची नळी गर्भ राहिल्यावर अठ्ठावीस दिवसांत मिटते, म्हणजे बाईची पाळी चुकून जेमतेम दोन आठवडे झालेले असतात. प्राथमिक आरोग्य केंद्रात नाव नोंदवून गोळ्या हाती येईतो ती वेळ निघून गेलेली असते. म्हणून गोळी सुरू करायची ती पुढच्या बाळाचा विचार मनात आला त्या महिन्यापासून, आणि आधीचा रिपोर्ट डॉक्टरांना दाखवून, कारण आधीच्या बाळाला मणक्याचं व्यंग असेल तर डोस नेहमीच्या निदान दहापट लागतो.